पीयूसीच्या कागदावरचा आकडा येतो कोठून?

नाशिकमध्ये वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातील खोलीसमोर वा रस्त्याकडेच्या व्हॅनसमोर उभे राहावे लागते. इंजिन चालू ठेवले जाते, सायलेन्सरच्या नळीत एक लांब दांडी सरकवली जाते आणि मिनिटभरात कागदावर दोन आकडे छापून येतात. पहिला आकडा कार्बन मोनॉक्साईडचा, टक्क्यांत. दुसरा हायड्रोकार्बनचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा, दहा लाख भागांत किती भाग या हिशेबाने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या मर्यादा मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याने या दोन आकड्यांना एवढे वजन दिले आहे. मात्र ते मिळतात कसे, हे विचारणारा वाहनधारक विरळाच.

त्या मिनिटभरात धुराचे वजन केले जात नाही आणि त्याचे रासायनिक पृथक्करणही होत नाही. धूर एका लहानशा नळीतून जात असताना त्याच्या एका टोकाकडून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला त्यातील किती पोहोचला हे पाहिले जाते. जो पोहोचला नाही तो वायूने गिळला, असे धरून त्यावरून वायूचे प्रमाण काढले जाते. तेव्हा यंत्राला प्रत्यक्षात दिसते ती प्रकाशातली घट. वायूचा आकडा हा तिच्यावरून केलेला हिशेब आहे.

अशी अप्रत्यक्ष मोजणी नाशिककरांना नवी नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले याचे आकडे जाहीर होतच असतात, पण गोदाकाठचा माणूस पुराचा अंदाज घेतो तो दुतोंड्या मारुतीकडे पाहून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असेच बोलले जाते. मूर्तीचा जेवढा भाग दिसेनासा झाला तेवढा पूर. हे माप चालते, कारण कोरड्या दिवसांत संपूर्ण मूर्ती केवढी दिसते हे सर्वांना पाठ आहे. ते ठाऊक नसेल तर नुसती बुडालेली मूर्ती काहीच सांगणार नाही. ही अट पीयूसीच्या यंत्रालाही जशीच्या तशी लागू आहे.

प्रथम हा न दिसणारा प्रकाश कोणता, ते पाहू. तांबड्या रंगाच्या पलीकडे उष्णता देणारे पण डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली दाखवून दिले. यांनाच आपण अवरक्त किंवा इन्फ्रारेड किरण म्हणतो. तापलेल्या तव्यापासून हात दूर धरला तरी जी धग लागते, ती मुख्यतः या किरणांचीच. वायूंच्या रेणूंशी त्यांचे खास नाते आहे. कार्बन मोनॉक्साईडचा रेणू म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांचे दोन अणू, जणू एका स्प्रिंगने जोडलेले. ही स्प्रिंग एका ठरलेल्या गतीनेच थरथरते. सेकंदाला सुमारे ६४ लाख कोटी वेळा. नेमक्या त्याच गतीने कंप पावणारा किरण आला तर रेणू त्याची ऊर्जा शोषून घेतो. इतर किरण तसेच पुढे जातात. झोपाळ्याला योग्य वेळी झोका दिला तरच तो चढतो, अवेळी दिलेला झोका वाया जातो, त्यातलाच हा प्रकार.

कार्बन मोनॉक्साईडसाठी हा किरण सुमारे ४.७ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो. कार्बन डायऑक्साईडचा सुमारे ४.३ मायक्रॉनचा, तर पेट्रोलमधील हायड्रोकार्बनांचा ३.४ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे प्रत्येक वायूची अवरक्त पट्ट्यातील जागा वेगळी आहे आणि त्या त्या जागी किती अंधार झाला हे पाहिले की तो तो वायू ओळखता येतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांना मात्र अशी जागाच नाही. त्यांच्या रेणूतील दोन्ही अणू सारखे असल्याने थरथरताना विद्युतभाराचा तोल एका बाजूला ढळत नाही आणि किरणाला धरायला काही उरत नाही. हवेचा जवळजवळ ९९ टक्के भाग या दोन वायूंचा आहे. ते पारदर्शक आहेत म्हणूनच उरलेल्या वायूंची मोजणी शक्य होते. पीयूसीच्या यंत्रात ऑक्सिजनही मोजला जातो, पण त्यासाठी निराळा विद्युत-रासायनिक सेल बसविलेला असतो. अवरक्त किरणांना ते काम जमत नाही.

हा भेद प्रयोगाने प्रथम नीट मांडला तो जॉन टिंडल यांनी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८५९ पासून त्यांनी पितळी नळीत वेगवेगळे वायू भरून उष्णतेचे किरण त्यातून पाठविले. नळीच्या तोंडांना काच लावून भागले नसते, कारण या किरणांचा मोठा भाग काचच अडवते. म्हणून त्यांनी सैंधवाच्या, म्हणजे खनिज मिठाच्या, पारदर्शक चकत्या बसविल्या. (आजच्या यंत्रांतही साधी काच टाळून नीलमण्याच्या किंवा कॅल्शियम फ्लोराईडच्या खिडक्या वापरतात.) पुढे १८६० च्या दशकात त्याच पद्धतीने मनुष्याच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साईड मोजण्याचा प्रयोगही टिंडल यांनी केला. आज शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाच्या नळीला जोडलेले यंत्र श्वासागणिक हेच करीत असते.

प्रयोगशाळेतून कारखान्यात ही पद्धत आली १९३८ साली. जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथील रासायनिक कारखान्यात एर्विन लेहरर आणि कार्ल फ्रीडरिश लुफ्ट यांनी जे यंत्र तयार केले, त्याची कल्पना आजही थक्क करते. प्रकाश रंगांत विभागण्याची खटपट त्यांनी केलीच नाही. कार्बन मोनॉक्साईड मोजायचा तर शोधकाच्या दोन बंद डब्यांत कार्बन मोनॉक्साईडच भरायचा आणि मध्ये धातूचा पातळ पडदा ठेवायचा. एका डब्यावर स्वच्छ वायूच्या नळीतून येणारा किरण पडतो, दुसऱ्यावर तपासायच्या वायूतून येणारा. डब्यातील वायू आपल्याला मानवणारेच किरण शोषून तापतो आणि फुगतो. तपासायच्या वायूने ते किरण वाटेतच गिळले असतील तर त्या बाजूचा डबा कमी तापतो आणि पडदा त्या बाजूला झुकतो. या झुकण्याचे विजेच्या संकेतात रूपांतर केले की झाले. वायूची ओळख पटविण्यासाठी त्याच वायूला साक्षीदार करणे, ही युक्ती इतकी पक्की ठरली की तिच्या सुधारित आवृत्त्या आजही कारखान्यांत चालतात.

रस्त्याकडेच्या पीयूसी यंत्रात एवढा सरंजाम नसतो. त्यात एक लहान तापलेली तार असते, पुढे काही सेंटिमीटर लांबीची नळी आणि तिच्या टोकाला चार खिडक्या. प्रत्येक खिडकीवर एकेका तरंगलांबीचा गाळणारा पडदा असतो: एक कार्बन मोनॉक्साईडचा, एक कार्बन डायऑक्साईडचा, एक हायड्रोकार्बनचा आणि चौथा सुमारे ४ मायक्रॉनचा. या चौथ्या जागी धुरातील कोणताच वायू किरण शोषत नाही. तरीही ही खिडकी अनावश्यक नाही. तार जुनी होऊन मंद पेटू लागली किंवा नळीच्या भिंतीवर काजळी बसली तर चारही खिडक्यांत प्रकाश सारखाच घटतो. चौथ्या खिडकीशी तुलना करून यंत्र ती घट वजा करते. ही खिडकी नसती तर मळलेली नळी आणि प्रदूषण करणारी गाडी यांतला फरक यंत्राला कळला नसता.

घट आणि प्रमाण यांचा हिशेब मात्र सरळ त्रैराशिकाचा नाही. समजा, १ टक्का वायू असताना १०० भागांपैकी ९० भाग प्रकाश पोहोचला. वायू २ टक्के झाला तर ८० भाग पोहोचतील असे वाटते, पण पोहोचतात ८१. कारण दुसरा टक्का उरलेल्या ९० चा दहावा हिस्सा खातो. ३ टक्क्यांना उरतात सुमारे ७३. चक्रवाढ व्याजाचे गणित उलट्या दिशेने मांडावे तसे हे आहे. म्हणून प्रमाण वाढत जाते तसतशी यंत्राची बारीक फरक ओळखण्याची शक्ती कमी होत जाते, आणि मधली वक्ररेषा ठाऊक असलेल्या मिश्रणाच्या सिलिंडरवरून पुन्हा पुन्हा पडताळावी लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आता चूक कोठे शिरते ते पाहिले पाहिजे, कारण कागदाची किंमत यावरच ठरते. पहिली जागा शून्याची. प्रत्येक तपासणीपूर्वी यंत्र आजूबाजूची हवा आत घेऊन तिलाच शून्य मानते. हे केंद्र पेट्रोल पंपावर असेल तर त्या हवेत पेट्रोलची वाफ असण्याचा पुरेपूर संभव आहे. तिला शून्य मानले की पुढच्या गाडीचा हायड्रोकार्बनचा आकडा तेवढा कमी येणार. त्यासाठी शून्याच्या हवेला कोळशाच्या गाळणीतून आत घ्यावे लागते, आणि ही गाळणी वेळेवर बदलावी लागते.

दुसरी जागा पाण्याची. पेट्रोल जळताना भरपूर वाफ तयार होते आणि पाण्याची वाफ स्वतः अवरक्त किरणांची मोठी भक्षक आहे. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो अशा थंडीतल्या सकाळी गरम धूर थंड नळीत शिरताच त्याचे पाणी होते. ते वाटेतल्या पाणी धरणाऱ्या बाटलीत साचले पाहिजे. मोजणीच्या नळीत गेले तर आकडा बिघडतो.

तिसरी बाब खास नाशिकची आहे. यंत्र टक्केवारी मोजत नाही, प्रकाशाच्या वाटेत आलेले रेणू मोजते, आणि रेणूंची दाटी हवेच्या दाबावर अवलंबून असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी आहे. मुंबईत बसवलेले यंत्र कसारा घाट चढून आले आणि त्यात दाबाची दुरुस्ती करण्याची सोय नसली, तर तेच यंत्र त्याच धुरासाठी तेवढ्याच टक्क्यांनी कमी आकडा दाखवील. म्हणून चांगल्या यंत्रात दाब मोजणारा भाग आतच असतो.

पण या सर्वांहून मोठी चूक अगदी साधी आहे. दांडी सायलेन्सरमध्ये किमान ३० सेंटिमीटर आत गेली पाहिजे, असे तपासणीची पद्धत सांगते. ती जेमतेम टोकाला लटकवली, किंवा यंत्राच्या रबरी नळीला चीर गेली, तर धुराबरोबर बाहेरची हवाही आत जाते. हवा पारदर्शक, म्हणून प्रकाश अधिक पोहोचतो आणि गाडी कागदावर स्वच्छ ठरते. चार वायू मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ही लबाडी वा निष्काळजीपणा उघडा पडतो. पेट्रोल गाडीच्या भेसळ नसलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साईड आणि डायऑक्साईड मिळून १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास भरतात. ही बेरीज सहा-सात टक्के दिसत असेल तर अर्धा धूर आणि अर्धी हवा मोजली जात आहे, असे समजावे. (अनेक नव्या दुचाकींत धुरात मुद्दाम हवा सोडण्याची रचना असते, तेथे बेरीज मुळातच कमी येते, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.) आमच्या मते दोन मुख्य आकड्यांपेक्षाही हा तिसरा आकडा पाहण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी. मालकाला कागद हवा असतो, केंद्रचालकाला पुढची गाडी घ्यायची असते, आणि दोघांपैकी कोणालाही आकडा खरा असण्याची घाई नसते.

मर्यादाही पाहण्यासारख्या आहेत. २००० सालच्या मार्चनंतर बनलेल्या चार स्ट्रोक दुचाकींना ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साईड आणि ४,५०० भाग हायड्रोकार्बन एवढी सूट होती. २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ दुचाकींना हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ५०० भाग आहे. मर्यादा सातपट-नऊपट खाली आली की जुन्या यंत्रातली थोडीशी चूकही मोठी ठरते. साडेतीन टक्क्यांत दशांशाची चूक खपून गेली असती. अर्ध्या टक्क्यात ती पाचवा हिस्सा होते.

डिझेल वाहनांची तपासणी या चर्चेत येत नाही. डिझेल इंजिनांचे भाग घडविणाऱ्या सातपूरच्या कारखान्याचे जुने नाव मायको सर्कलने अजून जपले आहे, तेव्हा नाशिकमध्ये हे सांगितलेले बरे. डिझेलच्या धुरात मोजली जाते ती काजळी आणि त्यासाठी साधा दिसणारा प्रकाश वापरतात. तत्त्व तेच, किती प्रकाश पलीकडे गेला हे पाहण्याचे. पण काजळी सगळेच रंग अडवते, त्यामुळे वायूंची ओळख तेथे पटत नाही.

वाहनांखेरीज हे तंत्र नाशिकला आणखी एका ठिकाणी फार उपयोगाचे आहे, आणि तेथे प्रश्न दंडाचा नसून जिवाचा असतो. जानेवारी ते मार्च हा द्राक्षे गाळून वाइन आंबविण्याचा हंगाम. साखरेचे मद्य होताना साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साईड होऊन बाहेर पडतो. एका लिटर रसात २०० ग्रॅम साखर धरली तर त्यातून सुमारे ५० लिटर वायू निघतो; हजारो लिटरच्या टाकीचा हिशेब वाचकांनी मनात करावा. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो तळाशी, खळग्यांत, रिकाम्या टाकीच्या बुडाशी साचतो. आठ तासांच्या पाळीत त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावे असा संकेत आहे; दहा टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो.

अशा ठिकाणी केवळ ऑक्सिजन मोजणारे यंत्र खिशाला लावून उतरणे पुरेसे नाही. कारण साधे आहे. हवेत कार्बन डायऑक्साईड पाच टक्के मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ टक्क्यांवर येतो. साडेएकोणीस टक्क्यांना वाजणारी ऑक्सिजनची घंटा तेव्हा गप्पच राहील, आणि आतल्या माणसाला मात्र धाप लागून डोके गरगरू लागलेले असेल. येथे कार्बन डायऑक्साईडलाच ओळखणारा अवरक्त संवेदक हवा, आणि तो जमिनीलगत बसवलेला हवा. छताजवळचा संवेदक शोभेचाच.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी तर चिमणीतला धूर अखंड मोजावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अत्यंत प्रदूषणकारी ठरविलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना अशी सतत चालणारी यंत्रे बसविण्याचा आदेश दिला, त्यात औष्णिक केंद्रेही आली. सल्फर डायऑक्साईड त्यांत अवरक्त किंवा अतिनील किरणांनी मोजतात. पाणी आणि राख यांचा त्रास येथे पीयूसीहून कितीतरी पट अधिक.

सर्वांत अवघड मोजणी मात्र आपण श्वासात घेतो त्या हवेची. राष्ट्रीय मानकानुसार हवेत कार्बन मोनॉक्साईड तासाच्या सरासरीने घनमीटरला ४ मिलिग्रॅमच्या आत असावा. म्हणजे दहा लाख भागांत सुमारे साडेतीन भाग. जुन्या दुचाकीच्या सायलेन्सरला साडेतीन टक्के माफ होते, आणि साडेतीन टक्के म्हणजे दहा लाखांत ३५ हजार भाग. दोन्हींत दहा हजार पटींचा फरक आहे. पीयूसीच्या आखूड नळीत एवढ्या विरळ वायूने घडणारी घट यंत्राच्या स्वतःच्या थरथरीत हरवून जाईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवा सतत मोजणारे एक केंद्र गंगापूर रोडवर आहे. अशा केंद्रांसाठी मानकाने कार्बन मोनॉक्साईडला अवरक्त पद्धतच सांगितली आहे, पण तिची मांडणी वेगळी असते. मोजणीच्या कक्षात आरसे बसवून किरण अनेक वेळा मागेपुढे फिरवतात. हातभर लांबीच्या कक्षात त्याचा प्रवास कित्येक मीटरांचा होतो.

शिवाय लुफ्ट यांच्या युक्तीचे एक नवे रूप तेथे भेटते. किरणाच्या वाटेत एक चाक फिरत असते. त्यात एक कुपी कार्बन मोनॉक्साईडने भरलेली, दुसरी नायट्रोजनने. पहिली कुपी समोर आली की त्या वायूला गिळता येण्यासारखा सगळा प्रकाश आधीच नाहीसा होतो. नमुन्यातील कार्बन मोनॉक्साईडला खाण्यासारखे काही उरत नाही. दुसरी आली की प्रकाश पुरता असतो आणि नमुना आपला वाटा घेतो. दोन्ही वाचनांतला फरक फक्त कार्बन मोनॉक्साईडमुळेच पडतो. वाफ, धूळ, मंदावलेला दिवा यांचा परिणाम दोन्ही वेळा सारखा असल्याने वजाबाकीत गळून जातो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ पासून नाशिकचे नाव आहे, ते मुख्यतः हवेतील धूलिकणांमुळे. धूलिकण यांपैकी कोणतेच अवरक्त यंत्र मोजत नाही, आणि पेट्रोल वाहनाच्या पीयूसीतही त्यांचा उल्लेख नसतो. नायट्रोजनच्या ऑक्साईडांचाही नाही. तेव्हा पीयूसी असलेली गाडी म्हणजे निर्मळ गाडी, असा अर्थ काढू नये. तो कागद दोन वायूंपुरता बोलतो, तेही इंजिन जागेवर चालू असतानाच्या क्षणापुरते.

हवामापन केंद्रातील यंत्रालाही आपला शून्य विसरून चालत नाही. आजूबाजूची हवा तेथे शून्य म्हणून वापरता येत नाही, कारण तीच तर मोजायची असते. म्हणून हवा तापलेल्या उत्प्रेरकावरून नेतात, तिच्यातील कार्बन मोनॉक्साईड जळून कार्बन डायऑक्साईड होतो, आणि अशी निर्वायू केलेली हवा ठराविक काळाने कक्षात सोडून यंत्राचा काटा तपासला जातो. त्यानंतर झडप फिरते आणि रस्त्यावरची हवा पुन्हा आत येऊ लागते.